काही लागलं तर सांगा

गाडीची नंबरप्लेट न बघता माणूस कुठल्या राज्याचा ते मी सांगते. थट्टा नाही. सव्वीस वर्षं दर ऑक्टोबरात डोंगरावरच्या कठड्यापाशी टेबल मांडून मी सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या आणि मुरांब्याच्या बरण्या विकतेय, तेवढं कळणारच. टेक्सासचा माणूस दरीकडे बघतो, मान डोलावतो आणि म्हणतो, छान आहे, पण आमच्याकडे याहून मोठं असतं. न्यूयॉर्कवाले गाडीतून एक पाय बाहेर टाकतानाच विचारतात, बाथरूम कुठे आहे. कॅलिफोर्नियाची बाई लहानपणची मैत्रीण भेटल्यासारखी गळ्यात पडते आणि पाच मिनिटांनी माझं नाव विसरते. ओहायोचे निम्मे लोक मुळात आमचेच. त्यांचे बाप तिकडे कारखान्यांत गेले ते तिकडचेच झाले. ते येतात, दरीकडे बघतात, डोळे पुसतात आणि वाऱ्याला दोष देतात. मिनेसोटावाल्याला करंजी देऊ केली तर तो तीनदा नको म्हणतो, चौथ्यांदा खातो आणि मग घरी गेल्यावर आभाराचं पत्र पाठवतो.

आणि आम्ही? व्हर्जिनियाच्या या कोपऱ्यातले आम्ही डोंगरी लोक सगळं देऊ करतो आणि काही म्हणजे काही घेत नाही. निरोप घेताना "चला की आमच्याबरोबर घरी, राहा आजची रात्र" असं म्हणायचंच. समोरच्याने म्हणायचं, "छे छे, तुम्हीच चला आमच्याकडे." मग दोघांनी आपापल्या घरी जायचं. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. पण हे न म्हणता कुणी निघालं, तर त्याच्या आईने त्याला काही वळण लावलं नाही असं आम्ही समजतो.

मी ऑर्लीना स्टिल्टनर, वय एकाहत्तर. माझा नवरा हॉबर्ट माझ्याहून चार वर्षांनी मोठा. एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली त्याने, आणि खाणीने त्याची फुप्फुसं काढली. दोन वर्षांपासून नाकात नळी आणि शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर. गेल्या ऑगस्टमध्ये शहरातल्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "मिस्टर स्टिल्टनर, यंदाची पानगळ नीट बघून घ्या." हॉबर्ट घरी आला. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसला आणि एवढंच म्हणाला, "ऑर्लीना, खडकावर जायचंय एकदा."

खडक म्हणजे पाद्र्याचा खडक. कठड्यापासून वर अर्धा मैल. वाट कसली, नुसती मुळं आणि फुटके दगड. शेवटी दोन कातळांमधली फट, तिच्यातून अंग आडवं करून जायचं, आणि मग वर टेबलासारखा सपाट खडक. जुन्या काळी कुणी फिरता पाद्री तिथून प्रवचन करायचा म्हणतात. ऐकणाऱ्यांना उठून पळता येऊ नये म्हणून त्याने ती जागा निवडली असणार. पाहुणे खालच्या कठड्यावरूनच फोटो काढून जातात, वर फारसं कुणी चढत नाही. पण हॉबर्टला वरच जायचं होतं, कारण त्याचा जन्म झाला ती घळ फक्त तिथूनच दिसते. तो एकोणीस वर्षांचा असताना कोळशाच्या कंपनीने ती घळ रिकामी करवली, पूल पाडला, रस्ता बंद केला. आता तिथे एक दगडी धुराडं उभं आहे आणि त्याच्या बापाने लावलेली झाडांची रांग आहे. दर ऑक्टोबरात हॉबर्ट खडकावर चढायचा, दहा मिनिटं उभा राहायचा, खाली यायचा आणि काही न बोलता दोन करंज्या खायचा. पन्नासेक वर्षं हे चाललं. मग तीन वर्षं नाही.

आता त्याला वर नेणार कोण? आमचा मुलगा ट्रक चालवतो, महिन्यातून एकदा उगवतो, आणि त्याच्याच पाठीचं ऑपरेशन झालेलं. माझे गुडघे मला माझ्याच व्हरांड्याच्या पायऱ्या चढू देत नाहीत.

तुम्ही म्हणाल, शेजाऱ्यांना सांगायचं. अहो, सांगायचं कसं? हॉबर्टचं दुखणं कळलं तेव्हा चर्चमधले सगळे येऊन गेले, कुणी हॅम आणलं, कुणी केक. प्रत्येकाने निघताना म्हटलं, "काही लागलं तर सांगा." ओमा डीलने तर कागदावर अकरा जणांची नावं नि नंबर लिहून तो कागद माझ्या फ्रिजवर चिकटवला. मी म्हटलं, "अगं कशाला, सगळं ठीक आहे." तो कागद दोन वर्षं तिथेच होता. त्यातला एक नंबर मी फिरवला नाही. कारण "काही लागलं तर सांगा" हे "चला आमच्या घरी" याच्याच जातीचं. त्यांनी म्हणायचं असतं, आपण "सगळं ठीक आहे" म्हणायचं असतं. माझी आई अशीच होती, तिची आई तशीच. मोडेन पण वाकणार नाही, हे आमच्या घराण्यात पोरींना दुधाबरोबर पाजतात.

म्हणून त्या ऑक्टोबरात मी हॉबर्टला गाडीत घालून कठड्यापर्यंत आणायची, घडीची खुर्ची माझ्या टेबलाशेजारी मांडून त्याला बसवायची. तो दरीकडे पाठ करून बसायचा आणि वर खडकाकडे बघायचा. मला ते बघवायचं नाही. मग मी गिऱ्हाइकांवर उगाच खेकसायची.

एका शनिवारी एक म्हातारा आणि त्याची बायको आले. गाडी माझ्या मागच्या बाजूला लावली होती, त्यामुळे पाटी दिसली नाही. पंधरा मिनिटं दोघं दरी बघत उभे राहिले, तोंडातून शब्द नाही. फोटो नाही. मी मनात राज्यं चाळत होते. मग तो माझ्या टेबलापाशी आला, करंज्यांकडे न बघता वाकून टेबलाच्या पायाकडे बघितलं. खिशातून चाकू काढला, खाली पडलेल्या काटकीची एक चकती कापली आणि पायाखाली सरकवली.

"हलत होतं," तो म्हणाला.

"मेन," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. बस्स, ओळख झाली. पार वरचं मेन राज्य, समुद्राकाठचे लोक. शब्दाला शब्द लावायला त्यांना जिवावर येतं.

त्याचं नाव ॲल्टन बीअल, बायकोचं थेडा. त्याने आयुष्यभर मासेमारीच्या लाकडी होड्या बांधल्या होत्या. तो हॉबर्टशेजारी दगडावर बसला. अर्ध्या तासात दोघं मिळून सहा वाक्यं बोलले असतील, पण हॉबर्टचा चेहरा खुलला होता. मी ऐकत होते.

"तो वरचा खडक," हॉबर्ट म्हणाला. "तिथून माझं घर दिसतं. होतं ते."

"कधी गेला होतात?"

"तीन वर्षं झाली. यंदा जायचंय."

ॲल्टनने वर बघितलं, मग सिलिंडरकडे बघितलं, आणि मान हलवली.

चार वाजता मी टेबल आवरलं. बीअल जोडपं गाडीकडे निघालं, तेव्हा मी रीतीप्रमाणे म्हटलं, "चला की आमच्याबरोबर घरी, राहा आजची रात्र."

ॲल्टनने थेडाकडे बघितलं. थेडाने ॲल्टनकडे बघितलं.

"बरं," तो म्हणाला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बरं? बरं म्हणजे काय? एकाहत्तर वर्षांत मला कुणी बरं म्हटलं नव्हतं! घरी पाहुण्यांच्या खोलीत धुतलेल्या चादरी दोऱ्यांवर लटकत होत्या. खायला काल शिजवलेल्या बीन्स, एवढंच. हॉबर्टला असं हसू फुटलं की खोकला आला, आणि मला सिलिंडरचा ऑक्सिजन वाढवावा लागला.

"हसतोस काय मेल्या!" गाडी सुरू करता करता मी म्हटलं. "ते मागून येतायत खरंच!"

"तू राज्यं ओळखतेस ना? मग ओळख आता."

ते आले. बीन्स, मक्याचा पाव, कांदा आणि माझं घरचं लोणचं, एवढंच ताटात होतं. मी शंभरदा माफी मागितली. ॲल्टनने तीनदा वाढून घेतलं, म्हणाला, "चांगलंय." एकदाही उगाच नको म्हटलं नाही. खरं सांगते, असा पाहुणा जेवताना बघून मला फार बरं वाटलं. आमच्याकडे प्रत्येक घासासाठी आर्जवं करावी लागतात, हात दुखून येतो वाढणाऱ्याचा.

जेवण झालं, थेडा न विचारता भांडी घासायला लागली, आणि ॲल्टन दूध ठेवायला फ्रिजकडे गेला. तो तिथेच थांबला. कागद वाचत होता.

"हे कोण?"

"शेजारी," मी म्हटलं. "चर्चमधले."

"कशासाठी?"

"असंच हो. काही लागलं तर सांगा म्हणून गेलेत."

"लागतंय का काही?"

"छे! सगळं ठीक आहे."

तो हॉबर्टकडे वळला. "दुपारी खडकाचं म्हणालात."

हॉबर्टने बशीतल्या उरलेल्या पावाचा तुकडा इकडून तिकडे केला. मला वाटलं, हा म्हणेल, जाऊ द्या हो, बोलायची गोष्ट. त्रेपन्न वर्षं संसार केलाय मी या माणसाशी, त्याने कधी कुणाकडे मीठ मागितलं नाही.

"हो," हॉबर्ट म्हणाला. "जायचंय मला."

"मग लागतंय," ॲल्टन म्हणाला, आणि भिंतीवरचा फोन उचलून कागदावरचा पहिला नंबर फिरवला.

"अहो! अहो, काय करताय!"

"स्टिल्टनरांकडून बोलतोय," तो फोनमध्ये सांगत होता. "हॉबर्टला खडकावर न्यायचंय. उद्या दुपारी एक वाजता, कठड्यापाशी. तुम्ही म्हणाला होतात, लागलं तर सांगा. सांगतोय." ठेवला. दुसरा फिरवला. तेच शब्द, एक इकडचा तिकडे नाही. अकरा वेळा. मी दोनदा त्याच्या हातातून फोन ओढायला गेले, पण पाहुण्याशी झोंबाझोंबी करणार कशी! तिसऱ्यांदा थेडाने ओल्या हाताने माझा हात धरला.

अकरावा फोन झाल्यावर मी जी सुरू झाले. "तुम्हाला कळतंय का काय केलंत ते? माझं नाक कापलंत अख्ख्या गावात! लोक ते म्हणायचं म्हणून म्हणतात. तशी रीत आहे!"

"म्हणजे खोटं म्हणाले?"

"खोटं कसं? खोटं नाही! मनापासून म्हणतात. पण कुणी यावं म्हणून नाही म्हणत."

ॲल्टनने यावर विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाला, "तुम्ही घरी चला म्हणालात, तेही तसंच?"

आता बोला! घरात बसलेल्या पाहुण्याला काय सांगणार? हॉबर्ट खिडकीबाहेर बघत होता, खांदे हलत होते मेल्याचे.

संबंध संध्याकाळभर मोजके शब्द बोललेली थेडा तेव्हा म्हणाली, "ऑर्लीना, रागावू नका. आमच्याकडे सहसा कुणी काही देऊ करत नाही. म्हणून कुणी केलं, की आम्ही ते खरं धरतो. यांना वाटलं, तुम्हाला सोबत हवी आहे."

हवीच होती. ते मला तिने म्हणेपर्यंत माहीत नव्हतं. मी उठले आणि चादरी काढायला गेले, कारण पाहुण्यांसमोर रडायचं नसतं.

त्या रात्री उशिरापर्यंत ॲल्टन दिवा लावून आमच्या कोठारात होता. हॉबर्टची हात असलेली खुर्ची, कोठाराच्या छपराला टांगलेले दोन लांब दांडे आणि जुना दोर, यांची त्याने डोली केली. गाठी अशा मारल्या की हॉबर्टने दोनदा हात फिरवून बघितल्या.

आणि मी? मला एकच धास्ती. उद्या कुणी आलंच नाही तर? हॉबर्ट त्या खुर्चीत बसून राहील, घड्याळाचा काटा सरकत राहील, आणि कुणी येणार नाही. आजवर तो खडकाकडे बघत बसायचा, पण निदान त्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं. मी न मागून त्याला त्यापासून वाचवत होते, असं मी स्वतःला दोन वर्षं सांगत आले होते. त्या रात्री झोप कसली लागते.

रविवारी मी डोकं दुखतं म्हणून चर्चला गेले नाही. पावणेएकला आम्ही चौघं कठड्यापाशी होतो. हॉबर्टने लग्नाकार्याचा कोट घातला होता, दाढी दोनदा केली होती. ॲल्टनने त्याला डोलीत बसवलं, सिलिंडर मागे बांधला. एक वाजला. ओहायोची एक गाडी आली, त्यांनी फोटो काढले आणि ती गेली. एक वाजून दहा मिनिटं झाली. हॉबर्ट म्हणाला, "बरं ऊन पडलंय." मला ॲल्टनचा गळा धरावासा वाटला. एक वाजून वीस. मी म्हटलं, "चल, घरी जाऊ, हवा गार होतेय."

"थांबा," ॲल्टन म्हणाला. "प्रवचन लांबलं असेल."

"आमचा पाद्री कधी लांबवत नाही!"

आणि मग खालच्या वळणावर पहिला ट्रक दिसला. त्याच्या मागे दुसरा. तिसरा. मी मोजायचं सोडून दिलं. सगळे रविवारच्या कपड्यांत, पायात मात्र डोंगर चढायचे जाड बूट. कागदावर अकरा नावं होती, उतरली सतरा माणसं. पाद्रीच सगळ्यात आधी उतरला आणि म्हणाला, "माफ करा, आज माझंच लांबलं. ज्यांना यायचं ते सगळे उभे राहा म्हटलं, तर पहिल्या चार रांगा उठल्या. त्यातल्या म्हाताऱ्यांना समजावून खाली बसवता बसवता वेळ गेला."

आर्विल रॅटलिफ आमच्या पलीकडच्या घळीतला, बावन्न वर्षांचा दांडगा गडी. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, काय काकू, परक्या माणसाकडून फोन करवला?

तेच म्हणाला. पण वेगळ्या तऱ्हेने म्हणाला.

"ऑर्लीनाकाकू, परक्या माणसाला फोन करायला लागावा? दोन वर्षं झाली! मी रोज तुमच्या फाटकापाशी ट्रक हळू करतो. तुम्ही हात हलवता आणि ओरडता, सगळं ठीक आहे. मी काय करू मग, फाटक मोडून आत येऊ? वीस वर्षं हॉबर्टकाकाने ट्रॅक्टर आणून माझा मळा नांगरून दिला. मी काय देऊ विचारलं की म्हणायचा, बघू नंतर. आणि आमची पाळी आली तर तुम्ही दार लावून घेतलंत!"

बावन्न वर्षांचा गडी, रविवारच्या टायमध्ये, कठड्यापाशी रडत होता. ओमा डील त्याच्या मागून म्हणाली, "बरं झालं बाई कुणी तरी बोललं. मी तर नंबर लिहून दिले तेव्हापासून फोन वाजला की आधी तुझाच असेल असं वाटायचं मला."

सव्वीस वर्षं मी अख्ख्या देशाची माणसं ओळखत होते, टेक्सास काय नि मिनेसोटा काय. आणि ज्यांच्याबरोबर दर रविवारी एका बाकावर बसते, त्यांना मात्र मी ओळखलं नव्हतं. ते खरंच म्हणत होते. माझी आई, तिची आई, त्यांच्या काळच्या सगळ्या शेजारणी, सगळ्या खरंच म्हणत असतील का? आणि आम्ही प्रत्येक जण "सगळं ठीक आहे" म्हणत मेलो. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

"आता रडून झालं असेल तर उचला," हॉबर्ट डोलीतून म्हणाला. "सिलिंडर अडीच तासांचाच आहे."

चौघं चौघं मिळून उचलत होते, शंभर पावलांवर खांदे बदलत होते. ॲल्टन पुढे चालून कुठला दगड हलतो ते सांगत होता, म्हणजे दगडावर पाय ठेवून नुसता "हा" म्हणत होता. मागे आम्ही बायका एकमेकींना धरून. माझ्या गुडघ्यांतून कळा येत होत्या, पण मी खाली थांबणार नव्हते. हॉबर्ट डोलीतून सूचना देत होता, डावीकडून घ्या, ते मूळ सैल आहे, आर्विल बूट बघ. तीन वर्षांत त्याचा आवाज एवढा मोठा मी ऐकला नव्हता.

फटीपाशी डोली अडकली. दांडे लांब, फट अरुंद. ॲल्टनने मापं घेतली होती, पण ती खाली उभं राहून, नजरेने. चुकली. तो कसनुसा झाला आणि म्हणाला, "माझी चूक." मला त्याची एवढी दया आली की सांगता सोय नाही.

मग आर्विल खाली बसला आणि त्याने पाठ पुढे केली. "चढा काका."

हॉबर्टने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्याच्या पाठीवर बसायचं, चारचौघांत, पोरासारखं. मी मान हलवली. त्याने आर्विलच्या गळ्यात हात टाकले. पाद्र्याने सिलिंडर छातीशी धरला, नळी ताणली जाऊ नये म्हणून अंगाला अंग लावून चालला, आणि तिघं आडवे आडवे त्या फटीतून गेले. पलीकडून आर्विलचा आवाज आला, "अरे, यांचं वजनच नाही काही!"

वर ऊन होतं. त्यांनी हॉबर्टला खडकावर उभं केलं, दोन्ही बाजूंनी धरून. तो म्हणाला, सोडा. त्यांनी हात सोडले, पण लांब गेले नाहीत. समोर डोंगरामागे डोंगर, केंटकीपर्यंत, आणि खाली उजवीकडे ती घळ. धुराड्याचं वरचं टोक पडलं होतं. बापाने लावलेली झाडं मात्र पिवळीधमक उभी होती, एक न् एक. हॉबर्टने ती बोट न उचलता मोजली, मला ओठ हलताना दिसले. एरवी दहा मिनिटं उभा राहायचा. त्या दिवशी तो बराच वेळ उभा राहिला, आणि कुणीही घड्याळ बघितलं नाही. ॲल्टन टोपी काढून एका कडेला उभा होता.

मग हॉबर्ट वळला. श्वास जमवला.

"मी तुमचा आभारी आहे," तो म्हणाला. "सगळ्यांचा. हे मी खूप आधी म्हणायला हवं होतं, मळे नांगरत होतो तेव्हा. तुम्ही नांगरू दिलंत म्हणून." "आता एक मागतो. मी गेल्यावर ही म्हणेल, सगळं ठीक आहे. फाटकातून हात हलवेल. ऐकू नका तिचं. आत या."

मी म्हटलं, "हॉबर्ट!" चारचौघांत असं मरणाचं बोलतो, माझी मापं काढतो! संताप आला मला. सतरा माणसं माझ्याकडे बघत होती. तोंडावर आलेलं वाक्य तयारच होतं, तुम्हीही ओळखलं असेल, तीन शब्दांचं. मी ते गिळलं. कसं गिळलं माझं मला माहीत.

"ऐकणार नाही, काका," आर्विल म्हणाला.

उतरायची वेळ झाली. हॉबर्टला पुन्हा फटीतून नेलं, डोलीत बसवलं, ते पुढे निघाले. मी फटीतून बाहेर आले, पहिल्या उंच दगडावरून पाय खाली टाकला आणि उजवा गुडघा लुळा पडला. मी कातळाला धरून उभी राहिले. खाली पाय ठेवता येईना, मागे जाता येईना. ओमा दोन पावलांवर होती, आर्विल तिच्या पुढे. दोघांनी बघितलं. दोघं थांबले, आणि दुसरीकडे बघायला लागले, एक झाडाकडे, एक आभाळाकडे. आमच्याकडे माणसाची लाज अशी राखतात.

खाली वाटेवर हॉबर्टनेही डोली थांबवायला सांगितलं होतं. मान वळवून तो माझ्याकडे बघत होता.

"आर्विल," मी म्हटलं. "मला उतरवत नाहीये रे. हात दे."

तो एवढ्या घाईने वर आला की पडता पडता वाचला.